अर्धा काळा, अर्धा पांढरा

आमचा टीव्ही कृष्णधवल, लाकडी शटरचा. त्यामुळे ‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानाच्या मालिकेतला कॅप्टन कर्क पिवळसर शर्ट घालतो, त्याचा साथीदार स्पॉक निळा घालतो, आणि लाल शर्टातला एखादा अनोळखी गडी त्यांच्याबरोबर ग्रहावर उतरला की त्याचं काही खरं नसतं, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची. अमेरिकेत ती १९६६ ला सुरू होऊन १९६९ ला बंदही पडली होती. म्हणजे आमच्याकडे आली ती शिळीच. इंग्रजी आम्हा मुलांना येत नव्हतं. बाबांना यायचं, पण ते ऑफिसातलं, ‘सोबत जोडले आहे’ छापाचं. अंतराळात त्याचा उपयोग बेताचाच.

तरी बघायचो. स्पॉकच्या टोकदार कानांसाठी, आपोआप सरकणाऱ्या दारांसाठी, आणि माणसं चमचमत विरघळून दुसरीकडे उगवायची त्यासाठी.

एक भाग मात्र आमच्या टीव्हीवर अगदी जसा हवा तसा दिसला. त्यात दोन परग्रहवासी येतात. दोघांचे चेहरे बरोबर मधोमध विभागलेले, अर्धा काळा कुळकुळीत, अर्धा चुन्यासारखा पांढरा. रंगीत टीव्हीवाल्यांना त्या रविवारी आमच्यापेक्षा फारसं काही जास्त मिळालं नसणार. एक पोलिसासारखा, बील नावाचा. दुसरा लोकाई, फरारी. पहिला दुसऱ्याच्या मागे पन्नास हजार वर्षं लागलाय. कर्क आणि स्पॉक बुचकळ्यात पडतात, की अरे, तुम्ही दोघं तर सारखेच! तेव्हा बीलला धक्काच बसतो. दिसत नाही का तुम्हाला? माझी उजवी बाजू काळी आहे, त्याची उजवी बाजू पांढरी!

आजी खाली बसून शेंगा सोलत होती. तिच्या मागे खिडकी, खिडकीत कामाच्या बाईंची कपबशी. तिने विचारलं, ‘कशावरून भांडतायत रे मेले?’ बाबांनी जमेल तसं सांगितलं, की ह्याची उजवी बाजू काळी, त्याची डावी. आजीने चष्मा वर केला, नीट निरखलं आणि म्हणाली, ‘हो की. मग कसं जमायचं?’ आणि परत शेंगांकडे वळली.

कर्क-स्पॉकसारख्या हुशार माणसांना जे बोट लावून दाखवावं लागलं, ते आजीला एका नजरेत पटलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात भाची राहायला आली होती. वय पंधरा. तिला म्हटलं, चल, तुला आमच्या वेळचं अंतराळ दाखवतो. लॅपटॉपवर लावलं. पहिल्या पाच मिनिटांत तिने सांगितलं की दगड खोटे आहेत. ‘आणि मामा, हे तेच दगड आहेत. मघाशी दुसऱ्या ग्रहावर होते.’ बरोबरच होतं तिचं. पण अर्ध्या-अर्ध्या चेहऱ्यांचा भाग लावला तेव्हा ती गप्प झाली आणि मग म्हणाली, ‘काळे-गोरेच दाखवायचे होते तर सरळ दाखवायचे ना. एवढा मेकअप कशाला?’

प्रश्न चांगला होता. मी पॉज केलं.

सरळ दाखवायला गेलेल्या माणसाचं काय झालं, ते तिला सांगितलं. रॉड सर्लिंग म्हणून एक लेखक होता. १९५५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला दोन गोऱ्यांनी ठार मारलं, आणि सगळ्या गोऱ्या ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. सर्लिंगने त्यावरून टीव्हीसाठी नाटक लिहिलं. तेव्हा कार्यक्रमाला पैसे प्रायोजक कंपनीचे असत, आणि दक्षिणेतलं गिऱ्हाईक दुखावणं कुणालाच परवडणारं नव्हतं. मग मुलाच्या जागी कुणी परदेशी माणूस आला. गाव दक्षिणेतून उचलून पार उत्तरेला न्यू इंग्लंडमध्ये नेलं. दक्षिणेची आठवण नको म्हणून सेटवरच्या कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा हलवल्या. उरलं काय, तर गूळ काढून घेतलेली पुरणपोळी.

सर्लिंग त्यातून शिकला. १९५९ मध्ये त्याने ‘द ट्वायलाइट झोन’ ही अद्भुत गोष्टींची मालिका सुरू केली. मंगळावरचा माणूस काहीही बोलला तरी साबणवाल्याचा खप कमी होत नाही! त्यातला मेपल स्ट्रीटचा भाग माझ्या मते या सगळ्या प्रकारातला अव्वल. एका साध्या गल्लीत संध्याकाळी दिवे जातात, फोन बंद, गाड्या बंद. एक पोरगा म्हणतो की परग्रहवासी येण्याआधी माणसांसारखं दिसणारं एक कुटुंब गल्लीत पाठवून ठेवतात. झालं. कुणाची गाडी आपोआप सुरू होते, कुणी रात्री अंगणात उभा राहून आकाश बघत असतो, आणि इतकी वर्षं एकमेकांकडे साखर मागायला जाणारी माणसं एकमेकांवर दगड घेऊन धावतात. काळोखातून येणाऱ्या शेजाऱ्यालाच गोळी घालतात. अमेरिकेत सिनेटर मॅकार्थीच्या काळात शेजारी-सहकाऱ्यांना कम्युनिस्ट ठरवण्याचा जो खेळ चालला, त्याला जेमतेम काही वर्षं झाली होती. हा भाग मार्च १९६० चा.

त्यापुढे अर्ध्या चेहऱ्यांचा भाग बटबटीतच. घण घालून सांगितल्यासारखा. ‘स्टार ट्रेक’चं सगळंच काही धाडसी नव्हतं, हेही म्हटलं पाहिजे. फेब्रुवारी १९६८ मध्ये, व्हिएतनाममध्ये कम्युनिस्टांच्या टेट आक्रमणाची धुमश्चक्री चालू असताना, त्यांनी दाखवलेल्या गोष्टीत कर्क एका ग्रहावरच्या साध्याभोळ्या टोळीला बंदुका पुरवतो, का तर शत्रूने दुसऱ्या टोळीला पुरवल्यात म्हणून. त्याचं मन खात असतं, पण बंदुका तो देतोच. आणि यानावरच्या बायकांचे ते आखूड झगे! शेवटच्या भागात तर एक बाई तक्रार करते की यानांच्या कॅप्टनांच्या जगात बायकांना जागाच नाही.

पण त्याच यानावर उहुरा होती. नाव स्वाहिलीतल्या ‘स्वातंत्र्य’ या शब्दावरून घेतलेलं. काळी बाई, कानात ते चंदेरी यंत्र, यानाच्या नियंत्रण कक्षात अधिकाऱ्यांबरोबर बसणारी. आमच्या घरी तिला ‘टेलिफोनवाली’ म्हणत. निशेल निकोल्स ही भूमिका सोडून चालली होती, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांबवलं, असं ती सांगत असे. आमच्या मुलांना पाहू देतो अशी ही एकच मालिका आहे, म्हणाले.

एवढं भाषण ऐकून भाची म्हणाली, ‘प्ले कर.’

पुढे त्या दोघांचा ग्रह लागतो. तिथे कुणीच जिवंत नाही. उजव्यांनी डाव्यांना आणि डाव्यांनी उजव्यांना मारून संपवलंय. ते कळल्यावरही दोघं एकमेकांमागे धावत सुटतात. पण माझं लक्ष या वेळी एका छोट्या संवादाकडे गेलं, लहानपणी जो कळणं शक्यच नव्हतं. यानावरचा रशियन चेकोव्ह म्हणतो की असा छळ पृथ्वीवरही एकेकाळी व्हायचा, इतिहासाच्या तासाला वाचल्याचं आठवतं. त्यावर यान चालवणारा सुलू म्हणतो, हो, पण ते पार विसाव्या शतकात.

सुलू झालेला जॉर्ज ताकेई १९४२ मध्ये पाच वर्षांचा होता. जपानशी युद्ध चालू होतं, तेव्हा जपानी वंशाचे म्हणून सरकारने त्याच्या घरच्यांना लॉस एंजेलिसमधून उचललं, आधी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरच्या तबेल्यात ठेवलं, मग काटेरी तारांच्या छावणीत. अमेरिकेत जन्मलेला मुलगा. ते वाक्य तो अगदी सहज, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं बोलतो.

भाचीने हिशेब केला. ‘विसाव्या शतकात म्हणजे तू लहान असताना ना, मामा?’

म्हटलं, हो.

‘तुमच्याकडे होतं असलं काही?’

मग तिला खिडकीतल्या कपबशीचं सांगितलं. निळ्या फुलांची, कान तुटलेली. कामाच्या बाईंना चहा तिच्यातून. पिऊन झाला की त्यांनीच विसळायची आणि परत खिडकीत पालथी ठेवायची, बाकीच्या कपांत मिसळायची नाही.

‘आणि बाकीचे कप कोण धुवायचं?’

‘त्याच. सगळी भांडी त्याच घासायच्या.’

‘म्हणजे थांब,’ ती म्हणाली. ‘तुम्ही ज्यातून प्यायचात ते त्यांनी धुतलेलं चालायचं...’

तिने बोटं वर करून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे केली, काही जुळतंय का ते बघितलं आणि पुढचा भाग लावला. त्यातही तेच दगड होते.