पासपोर्ट ब्रिटिश आहे, पण ‘तसा’ ब्रिटिश नाही

कुठलाही फॉर्म भरताना ‘युनायटेड किंगडम’ निवडायच्या आधी पासपोर्टवरची खालची ओळ वाचा. कॅरिबियनमधल्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या केमन आयलंड्समधून नागरिकत्व घेतलेल्या किंवा घेणार असलेल्या सगळ्यांना माझं हे पहिलं सांगणं.

मी मूळची मिरजेची, नर्स आहे, बरीच वर्षं ग्रँड केमनला, म्हणजे इथल्या मोठ्या बेटावर, नोकरी करते. इथे ८ वर्षं कायदेशीर राहिलं की पर्मनंट रेसिडेन्सीचा, म्हणजे कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज करता येतो, आणि ती मिळून वर्ष झालं की नॅचरलायझेशनचा, म्हणजे नागरिकत्वाचा. ते सगळं रीतसर पार पडलं. शपथेला पैठणी नेसले होते, फोटो झकास आलेत.

मिळतं ते ‘ब्रिटिश ओव्हरसीज टेरिटरीज सिटिझन’, म्हणजे ब्रिटनच्या समुद्रापारच्या मुलखांचं नागरिकत्व. त्यावर इंग्लंडमध्ये राहायचा हक्क मिळत नाही. २१ मे २००२ ला जे असे नागरिक होते, त्यांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व बहुतेक आपोआप मिळालं. आमच्यासारख्या नंतर आलेल्यांना १९८१ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ए खाली वेगळा अर्ज करावा लागतो. काकूला हे दोनदा समजावलं. तरी ती वाड्यात ‘आमची लंडनची’ म्हणूनच सांगते.

पासपोर्टवर ‘ब्रिटिश पासपोर्ट’ही लिहिलंय आणि ‘केमन आयलंड्स’ही. गोम आतल्या पानावर आहे. खाली मशीनसाठी ज्या दोन ओळी असतात, त्यात ब्रिटिश नागरिकाला ‘जीबीआर’ असतं, आम्हाला ‘जीबीडी’. बर्म्युडा हाही ब्रिटनचा असाच मुलूख, तिथल्या लोकांना पूर्वी स्वतःचा ‘बीएमयू’ होता. छपाई इंग्लंडला गेल्यावर त्यांचाही जीबीडी झाला, आणि ते अजून त्यावर चिडलेले आहेत. त्यांचं काय चुकलं?

भारतात भाच्याची मुंज होती. ट्रॅव्हल एजंटने तिकीट मायामीमार्गे काढलं. म्हणाला, “ब्रिटिश पासपोर्ट ना? मग ईएसटीए काढा, झालं.” ईएसटीए म्हणजे व्हिसाशिवाय अमेरिकेत जायची ऑनलाइन परवानगी; ब्रिटिश पासपोर्टवर ती फक्त युनायटेड किंगडममध्ये कायम राहायचा हक्क असलेल्या ब्रिटिश नागरिकांना मिळते. मी तसं सांगितलं तर म्हणे, “मॅडम, सिस्टीममध्ये यूके येतंय.” केमनहून थेट अमेरिकेत जायला आम्हाला व्हिसा लागत नाही, गुन्हा नसल्याचा दाखला पुरतो. पण ही सवलत थेट केमनहून निघालं तरच. परतताना मुंबईहून मायामीला उतरणार, म्हणजे ती बाद. माझ्या भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता, चांगला दीर्घ मुदतीचा. नागरिकत्व बदललं की तोही नव्या पासपोर्टसोबत चालत नाही. शेवटी लंडनमार्गे तिकीट बदललं, वरचे पैसे माझ्याच खिशातून.

हो, मधेच आठवलं: शपथ घेतली त्या दिवशीच भारताच्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व जातं. नवा पासपोर्ट इंग्लंडहून छापून येईपर्यंत जुन्यावर प्रवास करायचा नाही. लग्नकार्य जवळ असेल तर शपथेची तारीख विचारपूर्वक घ्या.

भारताच्या ई-व्हिसाच्या यादीत केमन वेगळं आहे, तेच निवडा. जुना पासपोर्ट सरेंडर केल्याचं प्रमाणपत्रही जवळ ठेवा. तिथे काही अडलं नाही.

अडलं ते परतताना, मुंबईच्या चेक-इन काउंटरवर, रात्री दीड वाजता. विमान कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या बाईंनी बुकिंगमध्ये ठासून यूके घालायला लावलेलं. काउंटरवरच्या मुलाने पासपोर्ट मशीनवर ठेवला, मशीनने जीबीडी वाचलं, दोन्ही जुळेनात. त्याने तीनतीनदा ठेवून पाहिला, रुमालाने पुसूनसुद्धा.

“मॅडम, तुम्ही ब्रिटिश आहात ना?”

“आहे.”

“मग हे असं का येतंय?”

मागे रांगेत कुणाचं तरी तान्हं रडत होतं आणि मी दीड वाजता साम्राज्याचा इतिहास सांगत होते. सुपरवायझर आल्या, त्यांनी देशांच्या नावांऐवजी कोडची यादी उघडली, जीबीडी टाकलं. बोर्डिंग पास छापून बाहेर. एवढंच करायचं होतं! तेव्हा काउंटरवर वाद घालत बसू नका, ‘कोडने शोधा’ म्हणा आणि ती ओळ बोटाने दाखवा.

४ए चा अर्ज आता टाकलाय. तोवर अमेरिकेचा व्हिसा हवा तर मुलाखत जमैकात, किंग्स्टनला. तो फॉर्म उघडून ठेवलाय, नागरिकत्वाच्या रकान्यापर्यंत आलेय.