पत्ताकोबीनं दोनदा फसवलं

पोळा झाला की घरामागच्या सांदवाडीत काहीतरी लावायची मला घाई सुटते. पहिल्या वर्षी पत्ताकोबीचं बी तान्ह्या पोळ्यालाच टाकलं, तेही सपाट जमिनीत. आमची माती काळी, पाणी लवकर निघत नाही. चार दिवस झड लागली आणि सुतासारखी रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "एवढी घाई कायले व? दसरा तं येऊ दे."

पुढच्या वर्षी कापूस वेचण्यात इतकी अडकले की रोपं लावायला जानेवारी उजाडला. पानं सुपाएवढी झाली, पण गड्डा धरायच्या वेळेस मार्च लागला. गड्डा घट्ट बसतो 15 ते 20 अंशांत. आपल्याकडे मार्चात पारा 35 च्या वर. पानं उघडी ती उघडीच. बकरीची चंगळ झाली.

तिसऱ्या वर्षी दिवस मागून मोजले. गड्डा भरायला हवा डिसेंबरच्या थंडीत. गोल्डन एकर ही जात लावणीनंतर 60-65 दिवसांत निघते, रोप व्हायला त्याआधी महिना. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी वीतभर उंच गादीवाफा केला, शेणखत मिसळलं, वर जुन्या लुगड्याची सावली. ऑक्टोबर सरताना, ऊन कलल्यावर, दीड-दीड फुटावर रोपं लावली. कडेनं मोहरी मात्र पंधरा दिवस आधीच पेरली होती. मावा कीड आणि ठिपक्यांचा पतंग आधी तिच्यावर बसतात. बसलेही, पण सगळे नाही. रोज सकाळी पानं उलटून बघायची. पतंगाची अळी बारीक, हिरवी. बोट लागलं की वळवळत धाग्यावर खाली लोंबते. तशीच चिमटीत धरायची.

मग माझीच चूक. लाइनच्या, म्हणजे विजेच्या, लपंडावात आठ दिवस पाणी दिलं नाही, आणि लाइन आली तशी वाफे तुडुंब भरले. दुसऱ्या दिवशी दोन गड्डे मधोमध तडकलेले! काकू आल्या, एक भरलेला गड्डा दोन्ही हातांनी धरला आणि पाव फेरा फिरवला. खाली मुळ्या कटकट तुटल्या. थोड्या मुळ्या तुटल्या की झाड पाणी कमी ओढतं, गड्डा फुटत नाही. बाकीचे मी तसेच फिरवले, ते टिकले.

फुटलेले दोन त्याच दिवशी चणाडाळ घालून शिजवले. एक वाटी कुंपणावरून काकूंकडे गेली, आणि संध्याकाळी सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरून परत आली.