डॉल १९८७: बजेट पास झालं एकदाचं!

आयर्लंडच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहावर, म्हणजे डॉलवर, मी सोंगट्या-पत्त्यांचा एक खेळ बनवतोय. मागच्या वेळी त्यात फियाना फॉल पक्षाचे नेते चार्ल्स हॉही यांची टीशखपदी (पंतप्रधानपदी) निवडच होत नव्हती. ती गाठ सुटली. शॉन ट्रेसींना आधी सभापतीच्या खुर्चीत बसवायचं, मगच मतदान. हॉहींच्या बाजूने फियाना फॉल ८१ आणि एकांडे ब्लेनी मिळून ८२. विरोधात फिना गेल ५१, प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स १४, लेबर १२, वर्कर्स पार्टी ४, एकांडे केमी १, तेही ८२. अपक्ष टोनी ग्रेगरी तटस्थ. मग ट्रेसींचं निर्णायक मत. १० मार्च १९८७ ला घडलं तस्संच, टेबलावर! त्या रात्री मला झोप लागेना.

पण पुढे तेच रडगाणं. फिना गेल ज्याच्या हातात, तो पहिल्याच बजेटला सरकार पाडतो आणि डाव अर्ध्या तासात आटोपतो. पाडणाऱ्याचे गुण कापून पाहिले, तर सगळे घाबरट झाले. खेळ मेला. स्प्रेडशीटमध्ये आकडे फिरवून काही हाती लागेना (सोंगट्यांच्या खेळाला कागद-पेन्सिलच बरी, हे माझं जुनंच मत).

उत्तर जानेवारी १९८७ मध्ये सापडलं. आधीचं आघाडी सरकार मोडलं ते फिना गेलच्या खर्चकपातीला लेबरने नकार दिला म्हणून. आता हॉहींचे अर्थमंत्री मॅकशॅरी कपात करणार, तर फिना गेल विरोध कोणत्या तोंडाने करणार? फिना गेलचे नेते अॅलन ड्यूक्स यांनी सप्टेंबरात डब्लिनजवळच्या टॅलाला तेच जाहीर केलं: आर्थिक दिशा बरोबर असेल तर आडवे येणार नाही. आपल्याकडच्या भाषेत बाहेरून पाठिंबा, पण मंत्रिपदाची मागणी नाही. म्हणून खेळातला 'टॅला' नावाचा पत्ता (कार्ड) फक्त आर्थिक ठरावांना चालतो: तटस्थ राहा, विश्वासार्हता कमवा. बाकी ठरावांवर सरकारला खुशाल हरवा.

परवाच्या डावात बजेट सहीसलामत पास, आणि हिमोफिलियाच्या रुग्णांच्या मदतीवर सरकार हरलं. एप्रिल १९८९ ला घडलं तसंच! त्या पराभवाने सरकार पडत नाही, निवडणूक हॉही स्वतः लावतात, म्हणून विसर्जनाचा पत्ता त्यांच्याच हातात दिला. प्रत्यक्षात ८१ चे ७७ झाले आणि पक्षाला पहिल्यांदा आघाडी करावी लागली.

त्या आघाडीची पुरवणी करणार होतो, पण हे लिहिता लिहिता १९७७ डोक्यात शिरलंय. फियाना फॉलचे तेव्हाचे नेते लिंच, १४८ पैकी ८४ जागा. विरोधकांची भीतीच नाही, सुरा पाठीमागच्या बाकांवरून येतो. डिसेंबर १९७९ ला लिंचनंतरच्या पक्षनेतेपदासाठी हॉहींनी स्वपक्षाच्याच कॉली यांना ४४-३८ ने हरवलं. दोनच खेळाडू, दोघे एकाच पक्षाचे! पुरवणी बाजूला. छपाईवाल्याने पत्ते पुन्हा पातळच पाठवलेत, त्यामुळे पहिला डाव जुन्या व्हिजिटिंग कार्डांवरच.