आधी वास घे

“मामा, बघू नकोस, आधी वास घे,” म्हणत भाचीने वीतभर लांबीची एक लाकडी पेटी माझ्या नाकाशी धरली. ती नुकतीच मेक्सिकोहून आली होती. झाकण उघडलं, तर लिंबाची साल आणि कुटलेले धने. “धने?” बायको हसली. पण माझं नाक बरोबर निघालं. पेटी लिनालोए नावाच्या झाडाच्या लाकडाची. त्यातल्या सुगंधी द्रव्याला लिनालूल हे नाव या झाडावरूनच पडलं आणि तेच द्रव्य धन्यातही असतं. संसारात असे विजय क्वचित मिळतात, म्हणून नोंदवून ठेवतो.

पेटी ओलिनालाची. गेरेरो राज्याच्या डोंगरातलं हे गाव. आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे, तसं इथल्या लाकडावरच्या चकचकीत रंगकामाला १९९४ पासून आहे. कला मात्र फार जुनी. स्पॅनिश येण्याआधी तिकडच्या रंगवलेल्या तुंब्या आणि वाट्या तेव्हाच्या अॅझ्टेक राज्यकर्त्यांना खंडणी म्हणून जात.

आपण सहज लाखकाम म्हणून मोकळे होऊ, पण यात लाख नाही. रंग धरून ठेवतं ते चियाचं तेल. हो, तोच चिया, जो आमच्या घरी रात्री भिजतो आणि सकाळी वजन उतरेल या आशेने गिळला जातो. तिकडे त्याचं तेल लाकडाला फासतात, वर खनिज मातीची आणि रंगाची बारीक पूड पसरतात आणि गुळगुळीत दगडाने घोटतात. पुन्हा तेल, पुन्हा पूड, पुन्हा घोटणं. ही चकाकी डब्यातून येत नाही, मनगटातून येते. मेक्सिकोतल्याच चियापा दे कोर्सो गावच्या बायका यासाठी एका किड्याची चरबी वापरतात. किडे उकळून, वाटून लोण्यासारखा पिवळा गोळा निघतो. त्याचं नाव तिकडच्या उच्चारात ‘आहे’. नाव काय? आहे. भाचीने हा विनोद तीनदा केला.

पण मी अडकलो नक्षीपाशी. माझ्या पेटीवर काळ्यावर तांबडी फुलं आहेत आणि ती कुणी काढलेली नाहीत. आधी काळा थर घोटून वाळवला, त्यावर तांबडा चढवला. तो ओला आहे तोवर काट्याने रेघा ओढल्या आणि मधला तांबडा खरवडून टाकला. उरलं ते फूल. काटा बसवतात टर्कीच्या पिसाच्या देठात. एका टोकाने ओरखडायचं, पीस उलटं करून दुसऱ्या टोकाने भुकटी झटकायची. पेन्सिलीच्या मागे खोडरबर असतं ना, तसं. फरक एवढाच की इथे चूक खोडता येत नाही.

हे कळल्यावर मी भिंग आणलं. झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात एक पक्षी आहे. त्याच्या चोचीपाशी काटा जरासा घसरलाय आणि एक काळी रेघ केसभर पुढे गेलीय. कारागिराने तिथेच एक बारीकसं पान सोडलंय. पक्ष्याच्या चोचीत देठ.

बायको म्हणते, पेटीत वेलदोडे ठेवूया. मी अजून हो म्हटलेलं नाही.