तुम्ही विचारलंत म्हणून : इंजिन बंद पडलं तर?

किटमधून स्वतः जोडलेलं दोन आसनांचं मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलकं छोटं विमान, मी उडवतो हे कळलं, की लोक आधी कौतुक करतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "पण वर असताना इंजिन बंद पडलं तर?"

तर विमान खाली येतं, पण पंखांच्या आधाराने येतं. माझं इंजिन रोटॅक्स ५८२, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. हे इंजिन अचानक बंद पडू शकतं, असा इशारा त्याच्या माहितीपुस्तकातच छापलेला आहे. बनवणाराच इतकं स्पष्ट सांगतोय म्हटल्यावर ते बंद पडणार असं धरूनच उडायचं. नळ्या आणि कापडाचं असं विमान इंजिनाशिवाय एक मीटर खाली येताना साधारण सात मीटर पुढे सरकतं. वारा नसेल, तर ३०० मीटर उंचीवरून दोनेक किलोमीटर. म्हणून तेवढ्या टापूत उतरण्याजोगं मोकळं रान कायम नजरेत ठेवायचं. उतरताना वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे फार लांब जागाही लागत नाही.

फक्त एक गोष्ट तत्क्षणी करावी लागते : नाक खाली. मायक्रोलाइट हलकं आणि हवेला अडणारं, त्यामुळे चढत असताना इंजिन थांबलं की वेग बघता बघता जातो. अशा वेळी स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, पुढे ढकलायची, म्हणजे जमिनीकडे तोंड करायचं. मनाला ते अजिबात पटत नाही. हाताला सवय लावावी लागते, आणि शिकवणारा ती थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी खीळ) न सांगता बंद करून लावतो.

थोडक्यात, या विमानात दगा द्यायची मुभा एकट्या इंजिनाला आहे. बाकी कशालाच नाही, आणि विमान जोडण्याचा सगळा काळ जातो तो त्या बाकीच्यात. नट आवळल्यावर बोल्टचा निदान एक पूर्ण आटा बाहेर दिसला पाहिजे. जो सांधा फिरतो, तिथे नायलॉनच्या कड्याचा नट चालत नाही. खाचांचा नट लावून त्यातून कॉटर पिन घालायची. आवळून झालेल्या नटावर रंगाची बारीक रेघ ओढायची. तो हलला तर रेघ तुटते. हे वाचायला रटाळ वाटेल, करायला मात्र नाही.

पंखांच्या कापडाला तर मी सर्वांत जास्त वेळ दिला. पॉलिएस्टर सांगाड्यावर सैलसर चिकटवतात आणि मग इस्त्रीने ताणतात, आधी १२० अंश सेल्सिअसच्या सुमारास, शेवटी १७५ पर्यंत. इस्त्रीच्या चकतीवरच्या आकड्यांवर विसंबायचं नाही, थर्मामीटर लावून मोजायचं. कापड प्रमाणाबाहेर तापलं तर उलट सैल पडतं. पण नुसतं चिकटवून भागत नाही. उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो, म्हणजे कापड सतत वर ओढलं जातं. म्हणून ते आतल्या प्रत्येक फासळीला दोऱ्याने शिवून टाकतात. वर अॅल्युमिनियमच्या भुकटीचा रुपेरी थर देतात. तो दिसतो छान, पण असतो उन्हापासून बचावासाठी, कारण पॉलिएस्टरला ऊन सोसत नाही. कापड चढवण्याआधी निरीक्षक सगळा सांगाडा बघतो, कारण नंतर आतलं काही दिसायचं नाही.

आणि प्रत्येक उड्डाणाआधी : स्टिक उजवीकडे, उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती झडप) वर. रोज तेच. एलेरॉन हलतोय एवढं बघून पुरत नाही, योग्य दिशेला हलतोय का ते बघायचं. नियंत्रणं उलटी जोडली गेल्याने अनुभवी लोकांनीही जीव गमावले आहेत.

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. उड्डाणानंतर लगेच इंजिन थांबलं, तर मागे सोडलेली धावपट्टी खुणावते, आणि माणूस कमी उंचीवर, मंद वेगात, तिरपं वळण घेऊ पाहतो. उंची न सोडता ६० अंश कललं, तर विमानाच्या पंखांवर दुप्पट भार येतो आणि जिथे एरवी ताशी ६० किलोमीटर वेगाला स्टॉल होतो, म्हणजे पंखांचा आधार सुटतो, तिथे तो ८५ लाच होतो. त्यापेक्षा समोर जे असेल तिथे सरळ उतरावं. कुंपण असलं तरी.

रॉकेटने ओढलं जाणारं पॅराशूट मिळतं, होय. चांगली वस्तू आहे. फार खाली असताना मात्र त्याला उघडायला वेळ मिळत नाही, आणि वजन वाढतं.

वजनावरून आठवलं. इंजिन थांबायचं सगळ्यात साधं कारण म्हणजे पेट्रोल संपणं. माझ्या विमानाची कमाल मर्यादा ४५० किलो, रिकामं विमान २५०. आपण दोघं प्रत्येकी ९० किलोचे असलो तर उरले २० किलो, म्हणजे जेमतेम २७ लिटर पेट्रोल. हे इंजिन ताशी १५ ते २० लिटर पितं, आणि अर्ध्या तासाचं राखीव मी सोडत नाही. म्हणून हाच प्रश्न विचारून झाल्यावर कुणी "मला नेणार का?" म्हणालं, की मी आधी त्यांचं वजन विचारतो. बरेचजण पाच-सात किलो कमी सांगतात, म्हणून हँगरमध्ये वजनकाटा ठेवलाय.