विंडोज ठेवून लिनक्स टाकलं तर डेटा जातो का?

तुम्ही विचारलंत म्हणून आधी उत्तर: नाही, जात नाही. पण लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावण्याआधी विंडोजमध्ये करायची तयारी गाळली, तर जाऊ शकतो. माझ्या लेखी खरं काम तिथंच आहे.

बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एनक्रिप्ट) करणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की डिस्क आपोआप एनक्रिप्ट होते, मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मग बूटच्या सेटिंगला हात लावला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा. की नसेल तर डिस्कवरचा डेटा कुणालाही परत मिळवून देता येत नाही, म्हणून हे ठासून सांगतेय.

मग पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज पुरतं मिटत नाही; त्याचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवलेला असतो. अशा वेळी त्या ड्राइव्हवर लिहिणं धोक्याचं, म्हणून लिनक्स तो फक्त वाचण्यापुरता उघडतं. ‘लिनक्समधून डी ड्राइव्हवर फाइल सेव्ह होत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा हेच.

जागा डिस्क मॅनेजमेंटमधूनच मोकळी करा. सी ड्राइव्ह श्रिंक (लहान) करून ६० जीबी काढा आणि ती जागा कोरी सोडा. श्रिंक फारच कमी होत असेल तर पेज फाइल किंवा हायबरनेशन फाइल (विंडोज मेमरीतला मजकूर डिस्कवर ठेवतं त्या फाइली) मध्ये अडलेली असते. ती तात्पुरती बंद करून पुन्हा बघा.

इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’ निवडू नका. ईएफआय पार्टिशन, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचा बहुधा १०० एमबीचा छोटा भाग, विंडोज आणि लिनक्स दोघांचं सामाईक असतं. ते फॉरमॅट केलंत तर विंडोज सुरूच होणार नाही. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेल आरएसटी ही डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत चालू असण्याची शक्यता जास्त. ते थेट एएचसीआय या साध्या पद्धतीवर नेलं की विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन या आणि नंतर तो बंद करा.

शेवटी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘timedatectl set-local-rtc 1’ ही आज्ञा द्या. भारतात ऋतूनुसार घड्याळ पुढेमागे करावं लागत नाही, त्यामुळे इथं एवढं पुरतं. लंडन-न्यूजर्सीकडे असाल तर उलट विंडोजलाच रजिस्ट्रीतून यूटीसी वापरायला लावा.