किती सोडलंय?

सांगलीत जुलै लागला की गाठ पडल्यावर ‘काय, बरं आहे का?’ असं विचारायची पद्धत मोडते. थेट प्रश्न येतो, ‘किती सोडलंय?’ काय सोडलंय आणि कुठनं सोडलंय, हे विचारणारा माणूस परगावचा समजावा. उत्तरही तसंच तुटक असतं, ‘तीस हजार.’ तीस हजार म्हणजे क्युसेक, वरच्या कोयना धरणातून नदीत सोडलेल्या पाण्याचं माप, हे सांगायची गरज पडत नाही. भाजीवाली मावशी, रिक्षावाले, बँकेतले साहेब, सगळ्यांना हा शब्द असा पाठ आहे की तो इंग्रजी आहे याचीही कुणाला आठवण नसते.

क्युबिक फूट पर सेकंद, याचं हे आखडून केलेलं रूप. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून एक फूट अशा खोक्यात मावणारं पाणी, म्हणजे २८.३ लिटर, एका सेकंदात एखाद्या जागेवरून पुढे गेलं की तो झाला एक क्युसेक. न्हाणीघरातल्या साधारण दोन बादल्या. पावसाळ्यात ‘कोयनेच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक विसर्ग’ अशी बातमी येते, तेव्हा सांगलीकर शांतपणे पान उलटतो. एवढ्यानं आपल्याकडं काही होत नाही, हे त्याला ठाऊक असतं. पण कागदावर मांडून बघा. सेकंदाला जवळजवळ साठ हजार लिटर होतात. म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर, दर सेकंदाला! आणि हे आमच्या लेखी किरकोळ.

या शब्दाची गंमत त्याच्या पोटातल्या सेकंदात आहे. बातम्यांत बिनदिक्कत ‘प्रति सेकंद पन्नास हजार क्युसेक’ असं छापून येतं. म्हणजे सेकंद दोनदा आला. एकदा उघड, एकदा दडून. त्यावर कुणी वाचकांचं पत्र लिहीत नाही, कारण पाणी चढत असताना व्याकरण कोण बघतो! पण त्यामुळं क्युसेक म्हणजे पाण्याचा साठा, अशी समजूत मात्र पक्की होते. साठ्याचा शब्द वेगळा, टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. कोयनेत मावतं १०५.२५ टीएमसी. धरणात किती आहे ते टीएमसीत सांगायचं, दारातून किती वेगानं निघालंय ते क्युसेकमध्ये.

या दोघांची सोयरीक जुळवणारा एक आकडा आहे, ११,५७४. एवढे क्युसेक चोवीस तास वाहिले की एक टीएमसी भरतं. त्या हिशेबानं लाख क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर ८.६४ टीएमसी जातं. भरलेलं कोयना धरण, वरून थेंबही आला नाही असं धरून, बारा दिवसांत रिकामं होईल. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्याच, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून पाच लाखांच्या वर विसर्ग गेला होता. म्हणजे दिवसाला ४३ टीएमसीहून जास्त. कोयनेसारखी धरणं अडीच दिवसाला एक या दरानं रिकामी व्हावीत, असलं ते पाणी. हे गणित एकदा हाताशी आलं की टीव्हीवरच्या लाल पट्टीकडं माणूस वेगळ्या नजरेनं बघायला लागतो. निदान मी तरी बघतो, आणि घरातले वैतागतात.

तरीही नुसत्या क्युसेकवर सांगलीकराचा विश्वास नाही, आणि ते बरोबरच आहे. त्याचं खरं माप आयर्विन पुलावर. १९२९ साली झालेल्या या पुलापाशी कृष्णेची पातळी अजून फुटातच मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ला पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. मारुती चौकाकडचे एक दुकानदार पावसाळ्यात कॅल्क्युलेटरशेजारी एक जुनी वही ठेवतात. तिच्यात पानाच्या डाव्या अंगाला कोयनेचा विसर्ग, मग कराड, बहे, ताकारी, भिलवडी अशी एकेका पुलाची पातळी आणि शेवटी आयर्विन. सांगलीच्या आधीच्या भिलवडीचा आकडा लिहिताना त्यांचा हात जरा रेंगाळतो. पस्तीस फूट झालं की साखरेची पोती फळीवर जातात, तेलाचे डबे माळ्यावर. ‘क्युसेकचं काय घेऊन बसलाय, सायेब,’ ते मला म्हणाले, ‘भिलवडी काय म्हणतीया ते सांगा.’

त्यांच्या वहीत शास्त्र आहे. अमुक क्युसेक म्हणजे तमुक फूट, असं कोष्टक एका पुलापुरतं जमेल, पण तेही पुढच्या पाण्यानं तटवलं नाही तर. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. तिला जोर असला की कृष्णेचं पाणी पुढं सरायला तयार नसतं, ते मागं तुंबतं. शिवाय धरणाची दारं बंद असली तरी धरणाखालच्या मुलखात पडणारा पाऊस कुणाला विचारून नदीत येत नाही. आणि पात्र सोडून पाणी मळीत पसरलं की एक फूट चढायला आधीपेक्षा कितीतरी जास्त पाणी लागतं. म्हणून शेवटचे फूट सावकाश चढतात, आणि सावकाश चढलेलं पाणी सावकाशच उतरतं. दत्तनगरात, सूर्यवंशी प्लॉटमध्ये गाळ उपसलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको.

जत तालुक्यात मात्र हाच शब्द पाहुण्यासारखी वाट बघायला लावतो. जिल्हा तोच, नदीही तीच, पण तिकडं कृष्णा पोचते ती म्हैसाळ योजनेच्या पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून, कालव्यातून. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की तिकडं चर्चा शंभर-दोनशे क्युसेकची. आमच्याकडं एवढा आकडा सांगणाऱ्याला चहासुद्धा कुणी विचारणार नाही. शंभर क्युसेक म्हणजे दिवसाला ८.६४ दशलक्ष घनफूट. वाटेत एकही दार उचललं गेलं नाही, जमिनीनं काही पिऊन टाकलं नाही, तर ऐंशी दशलक्ष घनफुटांचा तलाव भरायला सव्वानऊ दिवस पुरे. वाटेत दार उचललं जात नाही, हे अर्थात फक्त गणितात.

गेल्या पावसाळ्यात तिकडच्या मेहुण्यांचा फोन आला. आयर्विन तेव्हा अडतीसवर होता आणि आम्ही गाड्या उंचावर नेऊन लावायच्या गडबडीत होतो.

‘दाजी, कालव्याला सोडलंय म्हणत्यात. किती हाय?’

मी चौकशी करून कळवलं, दीडशे क्युसेक. आमच्या गल्लीत एवढ्यावर विषय संपला असता.

‘ते झालं ओ,’ ते म्हणाले, ‘पर किती दिवस?’